तारेनंतरचे चाळीस सेकंद

"हेरंब, मला तुला एक विचारायचंय," तस्नीम म्हणाली.

मी मान वर न करताच म्हणालो, "लिहून पाठव."

ती माझ्या टेबलाशी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभी होती. त्यातला एक माझा. तो तिनं कीबोर्डपासून हातभर लांब ठेवला, कारण कीबोर्डजवळ चहा ठेवायचा नाही असा माझा नियम होता. माझे नियम पुष्कळ होते.

"लिहिण्यासारखं नाहीये ते."

"लिहिण्यासारखं नसेल तर तपासण्यासारखंही नसणार. तोंडी काही नको. नंतर तू म्हणणार मी असं म्हटलंच नव्हतं, मी म्हणणार तू तसंच म्हटलं होतंस. रिक्वेस्ट टाक, मी बघतो."

 मग "बरं, लिहूनच पाठवते," असं म्हणून ती आपला कप घेऊन गेली. तिला काय विचारायचं असेल याची मला काहीच कल्पना नव्हती, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मनात एक आशा होती आणि त्या आशेची भयंकर भीतीही होती. म्हणून तर मी मान वर केली नाही. एकवीस तारखेला ती तीन वर्षांसाठी जर्मनीला जाणार होती आणि त्या दिवशी तीन तारीख होती.

याला अकरा वर्षं झाली. आम्ही दोघं पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक केंद्रात होतो. आमचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. शास्त्रज्ञ लोक आपापले प्रोग्राम लिहितात. कोणी पावसाचं गणित करतो, कोणी प्रथिनांचं, कोणी भूकंपाचं. ज्याचा प्रोग्राम त्याच्या यंत्रावर तो पोपटासारखा बोलतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर नेला की मिठाची गुळणी धरतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रामची एक रेसिपी लिहायची. सामान कुठून आणायचं, कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन, आधी काय, मग काय. शेवटी एक टेस्ट. प्रोग्राम बांधून झाला की तो एका ठरलेल्या फाईलवर चालवून बघायचा, आणि ठरलेलं उत्तर आलं तर रेसिपी बरोबर. आईनं एकदा माझं फोनवरचं बोलणं ऐकलं, त्यात चारदा रेसिपी आणि सहादा टेस्ट हे शब्द आले. तेव्हापासून शेजारच्या काकूंची अशी समजूत झाली की हेरंबनं नोकरी सोडून केटरिंग धरलं.

रेसिपी लिहिण्याचा माझा एकच मंत्र होता आणि तो मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचो. रेसिपी अशी लिहा, की तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसानं, तुम्ही न पाहिलेल्या यंत्रावर, तुम्हाला एक शब्द न विचारता ती केली, तरी तोच पदार्थ झाला पाहिजे.

प्रत्येक रेसिपीच्या तळाशी एक ओळ असते. रेसिपी कोण सांभाळतं त्यांची, म्हणजे मेंटेनरची, नावं. काही बिघडलं की त्या माणसाला उठवायचं. रेसिपीत काहीही बदलायचं तर आधी तशी लेखी रिक्वेस्ट टाकायची. एकदा एकानं दुसऱ्याचं नाव परस्पर घातलं आणि त्यावरून मोठं महाभारत झालं, तेव्हा मी आणखी एक नियम केला होता. ज्याचं नाव घालायचं, त्यानं स्वतः त्या रिक्वेस्टखाली 'हो' असं लिहिलं पाहिजे. बाहेरच्या जगाशी सगळं इंग्रजीत चालायचं, पण आमच्या केंद्राच्या रेसिप्यांच्या संग्रहात मराठीतच लिहायचं असा तस्नीमचा हट्ट होता. "एवढं तरी आपलं असू दे," ती म्हणायची. आपलं म्हणजे मराठीचं, की आपल्या दोघांचं, हे मी विचारलं नाही.

तस्नीम सतारमेकर मिरजेची. आडनावातच धंदा. तिचे वडील दस्तगीर सतारमेकर तंबोरे करायचे. ती भौतिकशास्त्र शिकली, आमच्याकडे आली आणि सहा महिन्यांत माझ्यापेक्षा चांगल्या रेसिप्या लिहायला लागली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी तिच्या रिक्वेस्टमध्ये स्वल्पविराम काढायचो.

तिनं स्वतःचाही एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, 'जवारी' नावाचा. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते, तिथं तारेखाली एक सुती दोरा सरकवतात. दोरा जागेवर बसला की तार उघडते, तिच्यातून एकाच वेळी अनेक सूर ऐकू येतात. ते उघडणं म्हणजे जवारी. तस्नीमचा प्रोग्राम तारेचा रेकॉर्ड केलेला आवाज घेऊन त्यातले सूर मोजायचा. तो वापरणारे जगात बारा-तेरा लोक असतील. पण त्याची रेसिपी तिनं जितक्या मायेनं लिहिली होती, तितकी मी दुसरी पाहिली नाही. तळाशी नाव एकच होतं, तिचं.

त्याच्या टेस्टसाठी आवाज रेकॉर्ड करायला आम्ही एकदा मिरजेला गेलो होतो. एक माइक आणि एक लॅपटॉप एवढंच सामान, ते उचलायला दोन माणसांची गरज नव्हती. तरी तिनं मला चल म्हटलं आणि मीही गेलो. दुकानात भोपळे उलटे टांगलेले, खाली भुश्शाचा आणि लाखेचा वास. दस्तगीरचाचांनी मला समोर बसवून दोरा हातात दिला.

"सरकवा."

मी दोरा ओढला. तार बद्द वाजली.

"ओढू नका, सरकवा. केसभर. आता हात काढा आणि ऐका."

मी लॅपटॉपच्या पडद्यावरचा आलेख बघत होतो. त्यांनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"बघू नका हो. ऐका. जवारी डोळ्यांनी कळत न्हाई."

परतीच्या बसमध्ये तस्नीम खिडकीशी बसली होती. कराड मागे पडल्यावर ती म्हणाली, "अब्बांना तू आवडलास. असं कुणाला ते झाकण बंद करून सांगत नाहीत." त्यावर मी म्हणालो, "सोमवारी सर्व्हर बंद असणार आहे, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "आहे लक्षात," आणि पुण्यापर्यंत झोपेचं सोंग घेतलं. सोंगच होतं. मला झोपलेलं माणूस ओळखता येतं.

आता सांगायला हरकत नाही. मला ती आवडत होती. रोज सकाळी केंद्राचा जिना चढताना तिची चप्पल दाराबाहेर आहे का, हे मी आधी बघायचो आणि असली की मला जिना कमी वाटायचा. पण ती सतारमेकर, मी कुंटे. तिच्या घरी काय होईल, माझ्या घरी काय होईल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी स्वतःच देऊन टाकली होती. आईला मी कधी विचारलंच नाही, त्यामुळे ती काय म्हणाली असती हे मला आजही माहीत नाही. नियम करणारी माणसं बहुतेक वेळा भित्री असतात. माझ्यावरून सांगतो.

तर ती चहाचा कप घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्वेस्टांचा पाऊस सुरू झाला. जाण्याआधी तिला आपल्या रेसिप्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायच्या होत्या. अशा एक्केचाळीस होत्या. प्रत्येकीत तिनं स्वतःचं नाव खोडलं होतं आणि माझं घातलं होतं. मी एकेक उघडायचो, तपासायचो आणि खाली लिहायचो, 'हो.' मग ते नाव बदलायचं. हे तीन दिवस चाललं. एक्केचाळीस वेळा मी हो म्हणालो आणि दर वेळी तिचं नाव एका जागेवरून गेलं. शेवटी शेवटी मला ते लिहिताना राग यायला लागला. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं.

'जवारी' त्यांत नव्हती. सात तारखेला ती निरोप घ्यायला मिरजेला गेली.

अकरा तारखेला सकाळी बेचाळिसावी रिक्वेस्ट आली. अजून ती जशीच्या तशी संग्रहात आहे, म्हणून शब्द न शब्द देऊ शकतो.

'जवारी: टेस्टची फाईल बदलली आहे. मेंटेनरमध्ये माझ्या नावाशेजारी हेरंबचं नाव घातलं आहे. फाईल ऐकून मग उत्तर द्यावं. घाई नाही.'

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे हे विचारायचं होतं तर. चहाचे कप हातात घेऊन, लिहिण्यासारखं नाही म्हणून, तिला एवढंच विचारायचं होतं. तिकडे गेल्यावर आपल्या लाडक्या प्रोग्रामकडे बघायला इकडे एक हक्काचा माणूस हवा. बाकीच्या एक्केचाळीस ती निदान पुऱ्या तरी देऊन गेली. इथं स्वतःचं नाव कायम आणि माझं शेजारी, मदतनीस म्हणून. आठ दिवस मी जी आशा जिवापाड लपवून ठेवली होती, ती किती वेडगळ होती ते मला त्या ओळीत दिसलं, आणि मला माझीच लाज वाटली.

त्यात भरीला आमचा शिपाई. रिक्वेस्ट आली की ती आपोआप बांधून, टेस्ट चालवून निकाल सांगणारा एक प्रोग्राम होता, त्याला आम्ही शिपाई म्हणायचो. शिपायानं लाल खूण केली होती. टेस्ट नापास. अपेक्षित सूर सतरा, मिळालेलं उत्तर भलतंच काहीतरी.

मी फाईलचा आलेख उघडला. आधी तारेचा आवाज, छान उंच चढून सावकाश उतरत गेलेला. तो संपला की फाईल संपायला हवी होती. ती संपत नव्हती. पुढे चाळीस सेकंद नुसतं वेडंवाकडं, कापलेल्या गवतासारखं काहीतरी पसरलं होतं. माइक बंद करायचा राहून गेला असणार. तस्नीमसारख्या मुलीनं असली फाईल पाठवावी याचा मला एक प्रकारचा आनंदच झाला. नाही म्हणायला कारण मिळालं होतं.

ऐकून उत्तर द्यावं, असं तिनं लिहिलं होतं. हेडफोन माझ्या ड्रॉवरमध्ये होते. उजवीकडच्या, वरून दुसऱ्या.

मी खाली लिहिलं, 'टेस्ट नापास. तारेनंतर चाळीस सेकंद गोंगाट आहे, त्याची आवश्यकता नाही, कापून टाकावा. मेंटेनरबद्दल: या रेसिपीला दोघांची गरज नाही.' आणि पाठवून दिलं. वेळ सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटं. तीही तिथं लिहिलेली आहे.

दुपारपर्यंत उत्तर नाही. संध्याकाळी सहाला त्या रिक्वेस्टखाली एक ओळ उमटली, 'तस्नीमने रिक्वेस्ट मागे घेतली.' शब्द तिचे नव्हते, शिपायाचे होते.

तेरा तारखेला ती परत आली. नेहमीसारखी चप्पल दाराबाहेर, नेहमीसारखे दोन कप. माझा कप हातभर लांब ठेवला. मग खुर्ची ओढून समोर बसली. असं ती सहसा बसत नसे.

"एकच विचारते. तोंडी चालेल ना?"

"विचार की."

"ती फाईल तू ऐकलीस?"

तपासणाऱ्या माणसाला याच्याइतका अपमानाचा प्रश्न नाही. सहा वर्षं मी लोकांना हेच ऐकवत आलो होतो, की न तपासता शेरा मारायचा नाही. आणि जिच्या रेसिप्यांतले स्वल्पविराम मी काढत होतो, ती समोर बसून विचारत होती.

"म्हणजे काय," मी म्हणालो. "ऐकल्याशिवाय लिहीन का?"

"पूर्ण ऐकलीस? शेवटपर्यंत?"

"पूर्ण ऐकली, तस्नीम. शेवटपर्यंत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. अवघड गणिताचं उत्तर एका ओळीत आल्यावर माणूस ती ओळ पुन्हा वाचतो, तशी ती मला वाचत होती.

"आणि तरी गोंगाट म्हणालास."

"आता गोंगाटाला गोंगाट नाही तर काय म्हणायचं? तूच सांग."

"नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. "गोंगाटच. टेस्ट नापास झाली ना."

ती उठली. दोनच घोट घेतलेला कप तिनं उचलला. दारापाशी थांबून म्हणाली, "एक सांगू? तू निदान ऐकलंस. दुसरा कुणी असता तर ऐकलंही नसतं."

मला ती शाबासकी वाटली. मी चक्क मान डोलावली.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी अतिशय चांगली वागली. एकवीस तारखेला आम्ही केंद्रातले चौघंजण तिला टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. बाकीच्यांशी ती हसून बोलली. मला म्हणाली, "जपून रहा. चहा लांब ठेवत जा." टॅक्सी वळली आणि मी वर येऊन कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी जिना चढताना दाराबाहेर चपला होत्या, त्यात तिची नव्हती. हे रोज नव्यानं कळत राहिलं. किती दिवस, ते मोजलं नाही.

तीन वर्षांची सहा झाली, सहाची नऊ. तिनं तिकडेच एका केरळच्या मुलाशी लग्न केलं. एक मुलगी आहे. ईदेला मी लिहितो, दिवाळीला ती लिहिते, दोन्हीकडून दोन-दोन ओळी. माझं लग्न राहून गेलं. त्यालाही मी कारणं देत आलो आणि लोकांनी ती मान्य केली. एक्केचाळीस रेसिप्या मी सांभाळल्या. त्यातल्या कित्येकींत तिनं लिहिलेल्या टिपा होत्या. 'ही ओळ काढू नका, का ते माहीत नाही, पण काढली की रडते.' अशी टीप समोर आली की मी ती ओळ तशीच ठेवायचो, कारण कळल्यावरसुद्धा.

या वर्षी फेब्रुवारीत संग्रहाची साफसफाई निघाली. ज्या रेसिप्या नव्या व्हर्जनवर बांधल्या जात नाहीत त्यांची यादी झाली. दुरुस्त करा, नाही तर काढून टाका. आता केंद्राचा प्रमुख मीच आहे, त्यामुळे यादी माझ्याकडेच आली. चौतिसाव्या क्रमांकावर 'जवारी'. काढायला माझा हात होईना, म्हणून दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करण्याआधी त्या रेसिपीवरच्या जुन्या सगळ्या रिक्वेस्ट वाचून काढायच्या हा माझा नियम. 'जवारी'वर तीनच होत्या. तिसरी, मागे घेतलेली.

मी माझी ओळ वाचली. या रेसिपीला दोघांची गरज नाही. अकरा वर्षांनी वाचताना ती लिहिणारा माणूस मला ओळखीचा वाटला, पण आवडला नाही.

नुकतीच एक ऑनलाइन मीटिंग संपली होती. हेडफोन कानांवरच होते. फाईल तिथंच जोडलेली होती, कारण मागे घेतलं तरी संग्रहातून काही पुसलं जात नाही. मी ती चालू केली.

तार वाजली. षड्ज. मिरजेच्या दुकानातली ती तार, उघडी, भरलेली, तिच्यातून एकेक सूर सुटत गेला आणि विरत गेला. मग तो गोंगाट सुरू झाला.

"झालं न्हवं? थांब, बंद करू नको. चालूच ऱ्हाऊ दे."

"अब्बा, टेस्ट बिघडेल."

"बिघडू दे." खाकरण्याचा आवाज. "हेरंबराव, दस्तगीर बोलतोय, मिरजेहून. घरात आम्ही दखनी बोलतो, पर तुमाला अडायला नको म्हणून मराठीत सांगतो. पोरीनं घरात विषय काढला. तिची आई एक दिवस रडली, मग जेवली. मी बी विचार केला. भोपळा एका गावचा, लाकूड दुसऱ्या गावचं, तार तर जर्मनीची. कोण कुणाचं न्हाई. पर दोरा बरोबर बसला की वाजतंय. तवा आमची ना न्हाई. तुमी तुमच्या आईंना विचारा. हो असंल तर हो लिहा. लई दिवस लावू नका, तिचं विमान हाय."

"अब्बा, बास."

"नाव घातलंस न्हवं त्यांचं, तुझ्या शेजारी?"

"घातलंय." ती हसत होती. तिचं ते हसू मी विसरलो होतो असं मला वाटत होतं. "आता त्यानं 'हो' लिहायचं. तसा नियमच आहे त्याचा."

"मग झालं," दस्तगीरचाचा म्हणाले आणि फाईल संपली.

मी ती पुन्हा लावली नाही. लावता येईना. बाहेर कुणीतरी दारावर टकटक करून आत डोकावलं आणि परत गेलं. हो लिहायला मला किती वेळ लागला असता? दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच आहे. त्या आधीच्या तीन दिवसांत मी ते एक्केचाळीस वेळा लिहिलं होतं. हेडफोन उजवीकडच्या, वरून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होते.

दुपारी मी रेसिपी दुरुस्त केली. दोन ओळींचं काम होतं. शिपायानं हिरवी खूण केली. बदल पक्का करायला मेंटेनरची मान्यता लागते, आणि तळाशी अजून एकच नाव होतं. मी रिक्वेस्टमध्ये लिहिलं, 'जवारी: नव्या व्हर्जनसाठी दुरुस्ती. टेस्टची फाईल आज ऐकली.'

चार तासांनी खाली तिचं उत्तर आलं.

'आज?'

मी उत्तर लिहायला घेतलं.  तेवढ्यात दुसरी ओळ आली.

'अब्बांनी तेव्हा विचारलं होतं, त्यांनी ऐकलं का? मी म्हटलं, हो, पूर्ण ऐकलं. ते म्हणाले, मग राग धरू नको, ऐकून नाही म्हणणारा माणूस वाईट नसतो. चार वर्षांपूर्वी ते गेले. शेवटपर्यंत तुझं नाव चांगलंच घ्यायचे.'

मी लिहिलं, 'तस्नीम, मी फोन करू का?'

आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी तोंडी सांगायचं होतं. तिकडे तेव्हा दुपार असणार. मी फोन हातात घेऊन बसलो. नंबर समोर होता. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

'नको. लिहून पाठव.'

आणि त्याच्या खाली, नियमाप्रमाणे, दुरुस्तीला तिची मान्यता.

म्हणून हे लिहिलं. रेसिपी जशी लिहावी तसं लिहिलं आहे, आम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही एक शब्द न विचारता कळावं असं. तिला आता याचा काही उपयोग नाही हे मला समजतं. तिची मुलगी शाळेतून येण्याच्या वेळी हे तिला मिळू नये म्हणून सकाळी पाठवणार आहे. वाचून ती म्हणेल, लांबलं आहे, थोडं काप. बाकी कुठलंही ती म्हणेल ते कापीन, पण दस्तगीरचाचा जिथं बोलतात तिथून मी एक अक्षरसुद्धा कमी करणार नाही.